वाळवंटातले वारकरी : श्री संत गाडगेबाबा

दिंडीच्या या शताब्दी स्मरणिकेत ज्ञानोबा-तुकोबांपासून जनाबाई-चोखोबांपर्यंत कोणाकोणाची चरित्रं घ्यायची, यावर फारसं दुमत नव्हतं. गाडगेबाबांचं नाव निघालं तेव्हा मात्र बैठकीत चुळबूळ झाली. ज्या माणसानं वर्षानुवर्षं पंढरीत येऊन गाभाऱ्यात पाऊल टाकलं नाही, कोणाला गुरुमंत्र दिला नाही, शिष्य केला नाही, कीर्तनात देवाला दगडात शोधू नका म्हणून लोकांना झापलं, त्याला वारकऱ्यांच्या पंगतीत कसं बसवायचं, असा प्रश्न आमच्याच दोन ज्येष्ठ टाळकऱ्यांनी केला. प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारी माणसं चाळीस-चाळीस वाऱ्या केलेली आहेत. तेव्हा त्यांना उडवून लावण्यात अर्थ नाही. बाबांचं चरित्र पहिल्यापासून सांगावं आणि माऊलींनी स्वतःच काय ते ठरवावं, असं शेवटी ठरलं. लिहिण्याचं काम आमच्याकडे आलं ते असं.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. घर परिटाचं. वडील झिंगराजी, आई सखूबाई, आणि मुलाचं नाव देबूजी. झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं. ते काही एकट्याचं व्यसन नव्हतं. बारसं असो, लग्न असो, तेरवी असो, देवाला बकरं कापणं आणि जातभाईंना दारू पाजणं ही रीतच होती; जो पाजत नाही तो जातीत हलका. त्या रितीपायी घर बसलं आणि माणूसही अकाली गेला. सखूबाई लहानग्या देबूला घेऊन दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यातल्या आपल्या बापाच्या घरी आल्या.

दापुऱ्याला देबू गुरं राखायला लागला. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. पूर्णेच्या डोहात पोहणं, गोठा साफ ठेवणं, रात्री गुराखी पोरांना जमवून भजन म्हणणं, असं त्याचं बालपण. पुढं मामाच्या शेतात तो असा राबला की गावात त्याच्या नांगराचं नाव झालं. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं.

याच काळात सावकाराचं प्रकरण घडलं. मामा चंद्रभानजी हे साधे, न वाचता अंगठा देणारे. घेतलेलं कर्ज फिटलं असं ते समजत होते. सावकाराच्या वहीत ते वाढतच होतं. एके दिवशी जमीन जप्तीत निघाली आणि त्या धक्क्यानं मामांनी अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा देबूजी औत सोडून हटले नाहीत, असं त्यांच्या चरित्रात येतं. आमच्या झाडीपट्टीत हे प्रकरण कोणाला फोडून सांगायला नको. मालगुजाराचा वाडा, सावकाराची वही आणि अंगठ्याचा ठसा यांच्या गोष्टी आमच्या आज्यांनी चुलीपाशी सांगितलेल्या आहेत. पुढं आयुष्यभर बाबा लेकरांना शाळेत घाला म्हणून जे कळवळून सांगत राहिले, ताट मोडावं लागलं तर मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा, असा जो त्यांचा आग्रह होता, त्याचं मूळ त्या वहीत आहे. स्वतः निरक्षर राहिलेल्या माणसाला अक्षराची किंमत एवढी नेमकी कळली होती, कारण ती त्याच्या घरानं जमिनीच्या रूपात मोजली होती.

मग मुलगी झाली. बारशाला जातभाई जमले, आणि रितीप्रमाणं बकऱ्याची आणि दारूची वाट पाहू लागले. देबूजींनी पानात लाडू वाढले. आज ही गोष्ट ऐकताना गोड वाटते, पण त्या दिवशी ती गोड नव्हती. पंचांचा अपमान झाला, जात वाळीत टाकेल अशी भाषा झाली. तरीही देबूजी वाढत राहिले. आम्हाला बाबांच्या सगळ्या आयुष्यात हा प्रसंग फार मोठा वाटतो. तोवर त्यांनी घर सोडलेलं नव्हतं, चिंध्या घातलेल्या नव्हत्या, त्यांना कोणी संत म्हणत नव्हतं. एक शेतकरी आपल्या अंगणात, आपल्याच भाऊबंदांसमोर, वेगळं वागला. जंगलात जाऊन तप करण्यापेक्षा हे अवघड आहे, हे ज्यानं कोणी तेरवीचं जेवण आवरतं घ्यायचा प्रयत्न केला असेल त्याला विचारावं.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री देबूजींनी घर सोडलं. मागं म्हातारी आई, बायको, लेकरं. याबद्दलही आमच्यात बोलणं झालं. संसार टाकून जाणं हे काही वारकरी पंथाचं शिकवणं नाही. आपला पंथ प्रपंच करून परमार्थ साधणाऱ्यांचा. तुकोबांनी दुकान चालवलं, सावतोबांनी मळा केला, गोरोबांनी मडकी घडवली. आमच्या माऊल्यांपैकी एकीनं सरळ विचारलं की कुंताबाईंचं काय? त्यांनी लेकरं वाढवली, कष्ट केले, आणि पुढं नवऱ्याच्या नावानं लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्यावरही त्यांच्या वाट्याला सुखाची खोली आली नाही. हे सत्य आहे आणि ते चरित्रात असलं पाहिजे. बाबांचं मोठेपण सांगताना कुंताबाईंचं नाव वगळलं जातं, ते आम्ही वगळणार नाही.

त्यानंतरची बारा वर्षं भटकंतीची. अंगावर निरनिराळ्या चिंध्यांचा जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मातीचं गाडगं, हातात खराटा. भूक लागली की तेच गाडगं डोक्यावरून काढून भाकरीसाठी पुढं करायचं. म्हणून गाडगेबाबा. कुठं त्यांना चिंधेबुवा म्हणत, कुठं गोधडे महाराज. गावात शिरल्यावर आधी काम, मग भाकर, हा त्यांचा नेम. कुणाच्या अंगणातली लाकडं फोडून द्यायची, कुणाची गाडी चिखलातून काढून द्यायची, रस्ता झाडायचा. पुष्कळ ठिकाणी वेडा म्हणून हाकललं, चोर म्हणून मारलं. काम करून दिलं आणि भाकर न मागताच निघून गेले, असंही होई. माधुकरी आपल्या पंथाला नवी नाही. पण आधी घाम आणि मग घास, हा क्रम बाबांनी कधी मोडू दिला नाही.

पूर्णेकाठच्या ऋणमोचनला पौषात यात्रा भरते. तिथं चिखलातून, दरडीवरून घसरत लोक नदीत उतरत. बाबा एकटेच फावडं घेऊन वाट करू लागले. पहिल्यांदा लोक बघत उभे राहिले. मग एकानं घमेलं उचललं, मग दहांनी. १९०८ साली तिथं पक्का घाट उभा राहिला. पुढच्या सगळ्या धर्मशाळांचं बीज आम्हाला त्या घाटात दिसतं. पैसा जमवून मग काम सुरू करायचं, असं बाबांनी केलं नाही. काम सुरू करायचे, आणि ते पाहून पैसा येई.

आता पंढरपूर. इथंच तो सुरुवातीचा प्रश्न आहे.

बाबा पंढरीला यायचे ते वारीच्या दिवसांत, गर्दी सर्वांत जास्त असताना. आणि यायचे ते चंद्रभागेच्या वाळवंटात. लाखो माणसं एका नदीकाठी चार-आठ दिवस राहिली म्हणजे काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या काळी ना संडास, ना नळ. तीच नदी स्नानाची, तीच पिण्याची, आणि तोच काठ बहिर्दिशेचा. पटकीची साथ यात्रेत उठायची आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव जायची. पंढरीला गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नसे; निघताना निरोपाची गळाभेट व्हायची ती उगाच नव्हे. अशा वेळी पहाटे उठून वाळवंटातली घाण गोळा करणारा, ती पुरणारा आणि रात्री त्याच वाळूत कीर्तनाला उभा राहणारा माणूस नुसता साफसफाईचा हौशी नव्हता. त्याच्या खराट्यानं माणसं वाचत होती.

गाभाऱ्यात न जाण्याबद्दल बाबांनी कधी शास्त्रार्थ केला नाही. पण मंदिराची रचना आपण सगळे जाणतो. महाद्वाराशी नामदेवांची पायरी, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. चोखोबा जिवंतपणी त्या दारातून आत जाऊ शकले नाहीत. त्यांच्या नंतर सहाशे वर्षं त्यांच्या जातीची माणसंही नाहीत. ती माणसं पायी चालत येत, अभंग गात येत, कळसाला हात जोडून परत जात. बाबा परिटाच्या घरचे. त्यांना कोणी अडवलं असतं की नसतं, हा मुद्दाच नाही. ज्या दारातून सगळी लेकरं आत जाऊ शकत नाहीत त्या दारातून ते आत गेले नाहीत, आणि चोखोबा जिथं थांबले तिथंच थांबले, अशी आमची समजूत आहे. ती चूक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढच्या दोन तारखा पाहाव्यात.

१९१७ साली बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी. त्यांना गावात कोणी ओसरी देत नव्हतं. पावसात, वाळूत, झाडाखाली ते रात्र काढत. आणि विठ्ठलाचं मंदिर त्यांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी १ मे ते १० मे असं दहा दिवस उपोषण केल्यावर. मधे तीस वर्षं जातात. या तीस आषाढ्या आणि तीस कार्तिक्यांत त्या माणसांना पंढरीत हक्काचं छप्पर होतं ते एका निरक्षर परिटानं झोळी फिरवून बांधलेलं. देव भेटत नव्हता, पण पाठ टेकायला जागा मिळत होती. वारकऱ्याची सेवा म्हणजे विठ्ठलाचीच सेवा, असं आपण प्रत्येक काल्याच्या कीर्तनात ऐकतो. ते खरं मानलं तर बाबांइतकी विठ्ठलसेवा त्या काळात किती जणांनी केली, हे टाळकरी मंडळींनी सांगावं.

१९४९ साली ही इमारत बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. यात्रेकरूंचं छप्पर पोरांच्या अभ्यासाचं झालं. त्याच वर्षी बाबा मुंबईत आजारी असताना बाबासाहेब त्यांना भेटायला गेले आणि दोन घोंगड्या घेऊन गेले, असं सांगतात. कोणाकडूनही वस्तू न घेणाऱ्या बाबांनी त्या ठेवून घेतल्या.

पंढरपूरनंतर नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर असं धर्मशाळांचं काम वाढत गेलं. एवढ्या इमारती उठल्या, पण बाबा त्यांत राहिले नाहीत. मुक्काम बाहेर, झाडाखाली किंवा एखाद्या झोपडीत. पैशाचा हिशोब विश्वस्तांकडे. आपल्या नातलगांचा या संस्थांवर कसलाही हक्क नाही, हे त्यांनी बजावून ठेवलं होतं. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशन स्थापन झालं आणि सगळं काम त्याच्याकडे गेलं. ज्यांच्या गावात संस्था आणि संस्थाचालकाचं घर यांच्यातली भिंत कुठं आहे ते शोधावं लागतं, अशा वाचकांना यातली अडचण कळेल.

कीर्तनाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण आपली दिंडी कीर्तनावर जगते. बाबांचं कीर्तन नारदीय नव्हतं आणि फडावरच्या परंपरेतलंही नव्हतं. वऱ्हाडी बोली, गोपाळाच्या नावाचा गजर, तुकोबांचा एखादा अभंग, आणि मग प्रश्न. समोरच्या माणसाला ते विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढत, आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न टाकत. जाती किती, असं विचारलं की लोक नावं सांगू लागत. बाबा एकेक खोडत शेवटी बाई आणि पुरुष एवढ्या दोनवर आणून सोडत. देवीला बकरं कापणाऱ्याला विचारत की नवस तुझा, मग लेकरू दुसऱ्याचं का? कर्ज काढून तेरवी घालणाऱ्याला मेलेल्याचा हिशोब सांगायला लावत. लोक खदखदा हसत, आणि घरी जाताना गप्प असत. दिवसभर गाव झाडून झाल्यावरच हे कीर्तन. पाटील, सरपंच, मामलेदार जो कोणी असेल त्याच्या हातात दुपारी खराटा दिलेला असायचा. रात्री कीर्तन संपायच्या बेतात आलं, लोक पाया पडायला उठणार असं दिसलं, की बाबा अंधारात निघून जात. पाया पडून घेणं त्यांना सहन होत नसे.

५ मे १९२३ ची गोष्ट. कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू होतं. तिथं निरोप आला की मुलगा गोविंद गेला. पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. बाबांनी क्षणभर थांबून ऐकलं आणि कीर्तन पुढं चालू केलं. काही जणांना यात वैराग्य दिसतं. आम्हाला खरं सांगायचं तर ही गोष्ट वाचताना कसनुसं होतं. एका बापानं त्या रात्री काय गिळलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि कुंताबाई तेव्हा कुठं होत्या, त्यांना कोणी धीर दिला, हा विचार मनातून जात नाही. आपल्या कीर्तनकारांनी हा प्रसंग सांगताना टाळ्यांसाठी सांगू नये, एवढी विनंती.

इथं आमच्या भागाबद्दल जरा विषयांतर करतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण झाडीपट्टी म्हणून आपली ओळख त्याहून फार जुनी. धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. पंढरपूर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. देशावरचा वारकरी पेरणी आटोपून आषाढीला निघतो. आपल्याकडे नेमकं तेव्हा परे उपटून रोवणा लावायचा असतो. पाऊस पडला की बांधीत चिखल करायचा आणि हातात सापडतील तेवढे मजूर घेऊन रोवणा उरकायचा. आठ दिवस चुकले तर वर्ष चुकतं. कार्तिकीला जावं तर धान कापणीला आलेलं, पुंजणे घालायचे राहिलेले. म्हणून आपल्या दिंडीत दरवर्षी काही माणसं जातात आणि त्यांच्याहून जास्त माणसं मागं राहतात. मागं राहिलेल्यांच्या मनात वारी चुकल्याची बोच असते. विशेषतः बायांच्या, कमरेत वाकून दिवसभर रोवणा लावायचा, आणि वर विठ्ठल अंतरला म्हणून हळहळायचं.

वारी चुकल्याबद्दल बाबांचं काही वेगळं सांगणं आमच्या वाचनात नाही. पण त्यांचं वागणं समोर आहे. शेजारणीचा नवरा दवाखान्यात असताना तिची बांधी रोवून देणाऱ्या बाया आमच्या गावात आहेत. वारीला गेलेल्याच्या घरची गुरं पंधरा दिवस सांभाळणारे गडी आहेत. ते टाळ वाजवत नाहीत, म्हणून दिंडीच्या वहीत त्यांची नावं नाहीत. बाबांचं चरित्र या स्मरणिकेत असावं असं आम्हाला वाटलं, त्याचं एक कारण ही माणसं आहेत.

दुसरं कारण दवाखान्याचं. १९५४ साली बाबांच्या कामातून मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. तोवर धर्मशाळा म्हटली की ती तीर्थाच्या ठिकाणी, पुण्य जोडायला आलेल्यांसाठी. बाबांनी ती दवाखान्याच्या दारात नेली. खेड्यातला माणूस मुंबईत रोगी घेऊन जातो तेव्हा रोग्याला खाट मिळते, बरोबरच्याला फुटपाथ. जेवायचं कुठं, झोपायचं कुठं, आंघोळ कुठं, हे त्याचे प्रश्न कोणाच्या खिजगणतीत नसतात. पुढं बाबांच्या नावानं दादरलाही अशी धर्मशाळा उभी राहिली, आणि कॅन्सरच्या इलाजासाठी परळच्या टाटा रुग्णालयात गेलेली कितीतरी कुटुंबं तिथं राहतात. आपल्या भागातून तिकडं जाऊन आलेली माणसं तिचं नाव घेतात तेव्हा हात जोडतात. पंढरपूरची वाट न पाहिलेल्या माणसालाही गाडगेबाबा ठाऊक असतात ते अशा वाटेनं.

शिक्षणाचंही तसंच. कर्मवीर भाऊराव पाटलांवर बाबांचा जीव. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात रयत शिक्षण संस्थेचं सरकारी अनुदान थांबलं, तेव्हा बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि ते पुन्हा सुरू झालं. १९५४ साली कराडला रयतनं कॉलेज काढलं, त्याला बाबांचं नाव दिलं. आपल्या झाडीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि सामुदायिक प्रार्थना घरोघर पोचलेली आहे. तेही अमरावती जिल्ह्याचेच, बाबांहून तेहतीस वर्षांनी लहान. दोघांचा एकमेकांवर लोभ होता. एकाकडे खराटा आणि एकाकडे खंजिरी, पण गावाकडे पाहायची नजर सारखीच.

बाबांच्या नावानं राज्यात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आपल्या जिल्ह्यातल्या गावांनीही हिरिरीनं भाग घेतला. तपासणीची गाडी येणार त्या आठवड्यात गल्ल्या आरशासारख्या होत. गाडी गेली की काही गावांत पुन्हा पूर्ववत. तपासणी नसताना झाडणारी गावंही आहेत, थोडी का असेनात. बाबांच्या खराट्याला कधी तपासनीस लागला नव्हता, एवढंच इथं नोंदवतो. वारीच्या वाटेवर आता फिरती शौचालयं असतात, निर्मल वारीचे स्वयंसेवक असतात. मुक्काम हलल्यावर मागं राहिलेल्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले मात्र अजून दुसरंच कोणीतरी उचलतं. हे आपल्या दिंडीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावं, अशी सूचना आम्ही केलेली आहे.

शेवटचं वर्ष १९५६. बाबांचं वय ऐंशी, मधुमेहानं शरीर पोखरलेलं, पण फिरणं थांबलेलं नव्हतं. ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात कीर्तन झालं. ते शेवटचं ठरलं. त्याचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे, आणि बाबांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो त्यातून. आमच्या तरुण मृदंगवादकांनी ते जरूर ऐकावं. ताल सोपा आहे, आवाज थकलेला आहे, आणि तरी समोरची माणसं बांधलेली आहेत.

६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, बाबांना अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांनी प्राण सोडला. ना मठ, ना आश्रम, ना अंथरूण. रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला मरणही रस्त्यावरच आलं. अमरावतीला अंत्यसंस्कार झाले, तिथं त्यांची समाधी आहे आणि त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात. अमरावती विद्यापीठालाही २००५ साली त्यांचं नाव दिलं. शाळेत न गेलेल्या गुराख्याच्या नावानं आता पदव्या मिळतात.

बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या त्या दोन ज्येष्ठांना हा मजकूर छापायच्या आधी वाचून दाखवला. एकजण म्हणाले की त्यांचं मत बदललेलं नाही. दर्शनाशिवाय वारी पुरी होत नाही. त्यांचं म्हणणं आम्ही इथं नोंदवून ठेवतो. दुसरे काही बोलले नाहीत. कार्तिकीहून परतताना आपल्या गाडीला मूर्तिजापूर आणि बडनेरा लागतं, अमरावती तिथून जवळच, एवढं मात्र त्यांनी विचारून घेतलं. ज्या माऊलींना समाधीच्या दर्शनाला बडनेऱ्याला उतरायचं असेल त्यांनी आपली नावं विणेकऱ्यांकडे द्यावीत. उतरणाऱ्यांनी एक दिवस जास्तीची शिदोरी घ्यावी, आणि खराटा आपापला आणावा.